काकाजींचे काम: झाडीपट्टीतील एका नटाविषयी

यंदा पहिल्यांदाच झाडीपट्टीच्या सीझनमध्ये उभ्या राहणाऱ्या एका तरुण नटाने विचारले आहे : "काकाजींचे नाव प्रत्येक तालमीत निघते. मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नाही. मोबाइलवर त्यांच्या नाटकांचे दोन-तीन तुकडे तेवढे पाहिले आणि त्यांत ते फारसे काही करताना दिसत नाहीत. मग त्यांना एवढा मोठा नट का मानतात? सहकारी म्हणून ते कसे होते? आणि माझ्यासारख्याने त्यांच्याकडून नेमके काय घ्यावे?"

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्या तुकड्यांत काकाजी फारसे काही करताना दिसत नाहीत, कारण मोबाइल धरणारा माणूस बोलणाऱ्या नटाकडे मोबाइल धरतो आणि काकाजींचे खरे काम समोरचा बोलत असताना चाललेले असे. मी आधी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसून आणि पुढे दिग्दर्शक म्हणून त्यांना घेऊन नाटके बसवून हे काम इतक्या जवळून पाहिले आहे, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. आमच्यात सगळे त्यांना काकाजीच म्हणत, म्हणून मीही इथे तेच नाव वापरतो. माझे उत्तर एका वाक्यात हवे असेल तर ते असे आहे : रंगमंचावर इतके मन लावून ऐकणारा दुसरा नट मी झाडीपट्टीत पाहिला नाही, आणि ते सहकारी म्हणून जसे होते ते याच गुणामुळे होते.

हा गुण आपल्याकडे एवढा मोलाचा का, हे समजण्यासाठी आपल्या रंगभूमीची रीत ध्यानात घ्यावी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते, कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचले जातात, आणि तिथून होळीपर्यंत गावोगावी रात्रीची नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजे आपला वडसा, हे या साऱ्याचे केंद्र. नागभीड-गोंदिया रेल्वेमार्गावरच्या या गावात नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, तिथेच गावकरी बुकिंगला येतात आणि तिथूनच गाड्या सुटतात. नट नाइटवर, म्हणजे एकेका प्रयोगाच्या मानधनावर, येतो. नायक ब्रह्मपुरीचा, नायिका नागपूरची, विनोदी जोडी साकोलीकडची, आणि सगळ्यांची मिळून एखाद-दुसरी तालीम झालेली असते. आज कुरखेड्याच्या बाजूला, उद्या सिंदेवाहीच्या बाजूला, आणि दोन्ही ठिकाणी नाटक वेगळे, समोरचा नट वेगळा. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. अशा ठिकाणी पाठांतराच्या जोरावर तरून जाता येत नाही. प्रॉम्प्टरचा आवाज आणि समोरच्या नटाची नजर या दोनच गोष्टी हाताशी असतात.

प्रॉम्प्टरचे काम बाहेरच्यांना सहसा कळत नाही आणि नव्या नटांनाही त्याची थोडी लाज वाटते. नट आपले वाक्य बोलत असतानाच पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द त्याच्या कानी घालायचे असतात. वाक्य संपल्यावर शब्द दिला तर मध्ये पोकळी पडते, आणि फार आधी दिला तर नटाच्या तोंडातले वाक्य विस्कटते. बहुतेक नट हे शब्द घेण्यासाठी विंगेकडे सरकतात, मान किंचित कलती करतात, आणि समोर बसलेल्या जाणत्या प्रेक्षकाला ते दिसते. काकाजी कधी सरकले नाहीत. ते नाटकाच्या सुरुवातीलाच आपली जागा अशी घेत, की त्यांचा डावा कान माझ्याकडे आणि चेहरा समोरच्या नटाकडे राहावा. शब्द पोहोचला की ते अंगठ्याने तर्जनीला एकदाच स्पर्श करत. तेवढ्याने मला कळे, की यांना मिळाले, आता दुसऱ्याकडे लक्ष द्यावे. ही खूण आमच्यात कधी बोलून ठरलेली नव्हती. काही नाइट्सनंतर माझ्या लक्षात आले, की ती माझ्यासाठीच आहे.

त्यांची दुसरी सवय त्याहून महत्त्वाची होती. समोरचा नट अडखळला, की काकाजी स्वतःचे शेवटचे वाक्य पुन्हा बोलत. पण तसेच नव्हे. पहिल्यांदा रागाने बोललेले वाक्य दुसऱ्यांदा स्वतःशी पुटपुटल्यासारखे येई, आवाज खाली येई, आणि त्या खालच्या आवाजामागे माझा शब्द अडखळलेल्या नटापर्यंत बिनबोभाट पोहोचे. प्रेक्षकांना वाटे, बापाच्या मनात कालवाकालव चालली आहे. मी अनेक नटांना वाक्य पुन्हा म्हणताना ऐकले आहे, पण ते स्वतःला पुढचे आठवावे म्हणून. दुसऱ्याला आठवावे म्हणून आपले वाक्य खर्ची घालणारा हा एकच नट मला भेटला.

एक प्रसंग सांगतो. नागपूरहून आलेली एक मुलगी त्या रात्री झाडीपट्टीत पहिल्यांदाच उभी होती. गाव जंगलाला लागून, थंडी कडाक्याची, आणि भोंग्यातून अशी घरघर सुरू झालेली, की विंगेतून मी दिलेला एकही शब्द तिच्यापर्यंत जाईना. दुसऱ्या अंकात बापासमोर उभे राहून सासरी काय घडले ते तिने सांगायचे होते. लेखकाने तिला जवळजवळ पानभराचे स्वगतासारखे भाषण दिले होते. दोन वाक्ये बोलून ती थांबली. तिचे डोळे भरून आले, ते भूमिकेमुळे नव्हे, भीतीमुळे, आणि हे रंगमंचावरच्या प्रत्येकाला कळले. काकाजी खाटेवर बसले होते. ते उठले नाहीत, घाई केली नाही. त्यांनी पायाजवळचा पाण्याचा गडवा उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "पानी पे माय. जावई काही म्हनला का?" तिने मान हलवली. "सासू म्हनली?" तिने पुन्हा मान हलवली, या वेळी होकाराची. "दागिन्याचं?" असे करत त्यांनी तिच्या पानभर भाषणातील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या प्रश्नात घातली. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला तिच्या तोंडून शब्द फुटला आणि उरलेले भाषण तिने स्वतःच्या बळावर, संहितेतल्यापेक्षा साध्या शब्दांत पूर्ण केले. समोर बायका पदराने डोळे पुसत होत्या. संहितेत गडवा नव्हता, प्रश्न नव्हते, आणि मुलीने पाणी पिण्याची जागाही नव्हती; पण पुढे त्या नाटकाच्या लेखकाने तो प्रवेश तसाच ठेवला.

नाटक संपल्यावर काकाजी त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी, पुढच्या गावी, मेकअपच्या आधी ते पोपटीच्या शेंगा सोलत तिच्याजवळ बसले आणि तिला ते भाषण सहज म्हणायला लावले. ती मुलगी आज आपल्याकडची नावाजलेली अभिनेत्री आहे. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण हे सांगण्याचा अधिकार तिचा आहे.

काकाजींचे शिक्षण शाळेत फार झाले नव्हते. वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात त्यांच्या घरची धानाची शेती होती, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाण्यावर ओलीत होई. गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ते पोरवयात नाचले, बाईचे सोंग घेऊन उभे राहिले, चेहऱ्याला मुरदाडशिंगाचा रंग लावून ग्यासबत्तीच्या उजेडात गायले. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 1982 साली. त्याच्याही आधीच्या, एका चंद्रपूर जिल्ह्याच्या काळातल्या नाटकांच्या गोष्टी ते सांगत. रेंगीत, म्हणजे लहान बैलगाडीत, बसून, बंडीत तणीस अंथरून माणसे बैलांच्या पटाला, म्हणजे शर्यतीला, आणि पटानंतरच्या नाटकाला कशी येत, पौराणिक नाटकातला राजा पहाटे मुकुट काढून तसाच खळ्यावर धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, कसा जाई, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. दंडारीतून ते एक गोष्ट घेऊन आले होते : तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी अगदी अंगाला लागून बसलेला असतो आणि मधेच बोलतो. त्या बोलण्याला उत्तर द्यावे लागते. त्यामुळे प्रेक्षकातून आलेला आवाज त्यांना कधी अडथळा वाटला नाही. नाटक चालू असताना कोणी म्हातारा पुढच्या रांगेतून "असा कसा रे बाप तू!" असे ओरडला, तर ते त्याच्याकडे बघत नसत, पण पुढचे वाक्य त्या म्हाताऱ्याचे ऐकूनच बोलल्यासारखे येई.

आवाजाविषयी थोडे लिहितो, कारण नव्या नटांचा सर्वात मोठा गोंधळ इथेच होतो. काकाजींचा आवाज मोठा नव्हता. रंगमंचावर वरून माइक लोंबत असत त्या काळात, प्रत्येक जण आपल्या टाळीच्या वाक्याला माइकखाली धावे आणि तिथे जाऊन ओरडे. काकाजी उलट करत. ओरडायचे वाक्य ते माइकपासून लांब उभे राहून बोलत आणि हळू बोलायचे वाक्य नेमके माइकखाली येऊन. त्यामुळे मैदानाच्या शेवटी, शेकोटीजवळ उभ्या असलेल्या माणसालाही त्यांचा उसासा ऐकू जाई. पुढे ध्वनिव्यवस्था बदलली, माइक अधिक तीव्र झाले, पण ओरडण्याची सवय आपल्याकडे तशीच राहिली. माझे स्पष्ट मत आहे, की या सवयीने झाडीपट्टीचे जेवढे नुकसान केले तेवढे दोन अंकांच्या मधल्या नाचगाण्यांनी केलेले नाही. नाचगाण्यांना नावे ठेवणे सोपे आहे. काकाजी कधी ठेवत नसत. नाचणारी मुलेही आपल्यासारखीच नाइटवर आली आहेत, एवढेच ते म्हणत, आणि त्यांचा नाच संपेपर्यंत विंगेत उभे राहून पाहत.

आता ज्या भूमिकेसाठी लोक त्यांना आजही ओळखतात, तिच्याकडे येतो. तरुणपणी त्यांनी खलनायक केले, पाटील केले, सावकार केले; ती कामे चांगली होती, पण तशी कामे करणारे आणखीही होते. वयाच्या पन्नाशीनंतर ते बापाच्या भूमिकेत आले आणि तिथे त्यांची बरोबरी नव्हती. एका सामाजिक नाटकात धान उत्पादक शेतकऱ्याचा पुंजणा वैरातून कोणी जाळतो. धाकटा मुलगा नागपुरात शिकतो, तो बातमी ऐकून येतो आणि बापावर सारा राग काढतो : विमा का काढला नाही, केस का केली नाही, मोठ्या भावाचे ऐकले तसे माझे कधी का ऐकले नाही. मुलाला सलग भाषण आहे. बापाला त्या सगळ्या वेळात एकही वाक्य नाही.

काकाजी त्या वेळी खाली बसत. पुंजण्याच्या राखेतून अर्धवट जळलेले धानाचे लोंब उचलत, दोन्ही तळव्यांत चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत, आणि उरलेला दाणा तळहातावर सरकवून बघत. एखादा दाणा दाताखाली धरत. कच्चा आहे, करपला आहे, की भरडायला चालेल, हे आपला शेतकरी जसे बघतो तसेच, त्याच गतीने, कसलीही भर न घालता. समोर बसलेल्या शेकडो माणसांपैकी असा एकही नसे, ज्याला ते काय करत आहेत हे कळले नाही. सगळे जळून गेल्यावरही हा माणूस त्यातून घरचे चार दिवस निघतील का हे पाहतो आहे, आणि मुलाचे बोलणे त्याच्या कानावरून जाते आहे, असे वाटे. मग मुलाच्या भाषणातले ते वाक्य येई, "तुम्ही माझं कधी ऐकलंच नाही." त्या वाक्याला काकाजींचे हात थांबत. फक्त हात, मान वर होत नसे. मुलाचे उरलेले भाषण त्या थांबलेल्या हातांवर चाले, आणि ते संपल्यावर बाप तळहात मुलापुढे धरी. त्यात सात-आठ दाणे असत.

टाळी पडे ती मुलाच्या भाषणाला. दर नाइटला मुलाचे काम करणारा नट वेगळा असला तरी टाळी चुकली नाही, आणि त्यातील काही नट अगदी साधारण होते. मी त्यांना एकदा विचारले, की हात त्याच वाक्याला का थांबतात, त्याआधीचे विम्याचे वाक्यही तेवढेच जोरदार आहे. ते म्हणाले, "विम्याचं वाक्य खरं आहे गा, पन ते पोराच्या पोटातलं नाई. पोटातलं जवा येते तवा थांबावं लागते." त्यांनी संहिता स्वतःच्या वाक्यांसाठी वाचलीच नव्हती, मुलाच्या पोटातले वाक्य कुठले हे शोधण्यासाठी वाचली होती. ते लोंबही ते दर नाइटला घरून आणत. घरच्या बांधीतले लोंब चुलीत जरासे होरपळून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ते सोबत ठेवत आणि प्रयोगाआधी स्वतःच्या हाताने राखेत मांडत. सामान मांडणाऱ्या पोराने गवताची काडी ठेवली तर चालेल असे त्यांना कधीच वाटले नाही, कारण समोर बसलेला माणूस वर्षभर तेच हाताळत आलेला असतो.

भाषेच्या बाबतीतही त्यांचा एक आग्रह होता. आपल्या बहुतेक संहितांत गंभीर पात्रे पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्रांच्या वाट्याला येते. बापाच्या भूमिकेत काकाजी मात्र रडण्याच्या जागी बोलीत शिरत. आधी पुस्तकी बोलणारा बाप एकदम "मले" आणि "तुले" म्हणू लागला, की बोलीवर हसायला सरावलेले प्रेक्षक गप्प होत. काही लेखकांना ते आवडत नसे. काकाजी त्यांच्याशी वाद घालत नसत, पण प्रयोगात बदलही करत नसत. या एका गोष्टीत ते हट्टी होते, आणि मला वाटते त्यांचे बरोबर होते.

गाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नाट्यपदाची आवड आपल्याकडे अजून टिकून आहे, ऑर्गनवर सूर धरला की मैदान शांत होते. काकाजींचा गळा साधा होता, ते पद नीट म्हणत आणि वन्समोअर आला तर नम्रपणे नमस्कार करून पुढचे वाक्य घेत.

सहकारी म्हणून ते कसे होते, हा तुमचा दुसरा प्रश्न. गाडीत सगळ्यात मागची, धक्के बसणारी जागा त्यांची, कारण पुढच्या जागा त्या रात्री ज्यांना नाचायचे किंवा गायचे आहे त्यांच्या. गावात जेवणाचे पान पाटलाच्या किंवा मंडळाच्या एखाद्या माणसाच्या घरी मांडले जाई. नटांची पंगत आधी बसे, आणि पडदे ओढणारे, दिवे बघणारे, सामान वाहणारे नंतर. काकाजी पहिल्या पंगतीला बसत नसत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "पडदेवाला जेवला का? तो आला की बसतो." लाखोरीचे वडे असले, तर आपल्या वाट्याचे दोन वडे ते हमखास त्या पोरासाठी ठेवत. हे ऐकायला साधे वाटेल; पण ज्याने सीझनभर पडदे ओढले आहेत त्याला विचारा, की नावाजलेला नट आपल्यासाठी थांबला म्हणजे काय होते.

पैशाच्या बाबतीत त्यांचा व्यवहार चोख होता. सीझनआधी नटांना उचल द्यायची आणि नाइटमधून ती कापायची, ही आपल्याकडची पद्धत. कोणाची उचल कापता कापता सीझन संपत आला आणि घरी नेण्यासारखे काही उरले नाही, असे दिसले, की काकाजी मंडळाच्या मालकाजवळ जाऊन बसत. ते भांडत नसत. त्या नटाने किती नाइट्स केल्या, कोणत्या आजारात केल्या, कुठल्या गावी बदली म्हणून ऐनवेळी उभा राहिला, हे सगळे त्यांना पाठ असे आणि ते शांतपणे सांगत. बहुतेक वेळा काही तरी तोडगा निघे. बाहेरगावाहून आलेल्या मुलींच्या राहण्याची खोली कुठे आहे, दार आतून लागते का, हे ते गावात पोहोचल्या पोहोचल्या स्वतः पाहून येत, आणि खोली योग्य नसली तर दुसरी मिळेपर्यंत तोंडाला रंग लावत नसत. एका गावी याच कारणाने पडदा तासभर उशिरा उघडला. गावकरी चिडले, पण कारण कळल्यावर एका घरातल्या म्हाताऱ्या आजीने स्वतःची खोली रिकामी करून दिली.

पडत्या काळातही त्यांचे वागणे असेच राहिले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने जी नाटके ठरत, त्यांचे अनेक गावांत काही काळ अवघड झाले. पटांना पुन्हा वाट मिळाली ती 2021 च्या डिसेंबरात. त्याच्या मध्ये करोनाचा तडाखा होता. 2020 च्या दिवाळीनंतर वडशात ज्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांत सामसूम होती. नाइटवर जगणाऱ्या नटांनी, वादकांनी, मेकअपवाल्यांनी तो काळ कसा काढला हे त्यांनाच माहीत. काकाजींच्या घरी त्या वर्षी धान बऱ्यापैकी झाले होते. त्यांनी ओळखीच्या कलावंतांच्या घरी तांदळाची पोती पोहोचवली आणि नेणाऱ्या पोराला सांगितले, की पैसे पुढल्या सीझनला कापून घेऊ असे सांग, म्हणजे घेतील. पुढल्या सीझनला त्यांनी कोणाकडून काही घेतले नाही.

2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा काकाजींना झालेला आनंद मी पाहिला आहे. झाडीपट्टीच्या नटाचे नाव दिल्लीत पुकारले जाणार, एवढ्यानेच ते लहान मुलासारखे हरखले होते. त्या दिवशी वडशात भेटेल त्याला ते चहा पाजत होते आणि हा मान पडदेवाल्यापासून प्रॉम्प्टरपर्यंत सगळ्यांचा आहे असे म्हणत होते. स्वतःला काही मिळावे, असा विषय त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकला नाही.

शेवटच्या सीझनमध्ये गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी नाइट्स कमी घेतल्या. पुंजण्याच्या प्रवेशात खाली बसणे त्यांना जमेना. मी खाटेवर बसण्याचे सुचवले. त्यांनी तसे करून पाहिले, पण राख खाली असते आणि शेतकरी राखेजवळ खाटेवर बसत नाही, असे म्हणून पुन्हा खाली बसू लागले. उठताना मुलाचे काम करणाऱ्या नटाने हात द्यायचा, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे प्रवेशाचा शेवट बदलला. आधी बाप तळहात पुढे करून बसून राही आणि पडदा पडे. आता मुलगा ते दाणे घेऊन, वाकून, बापाला हात देऊन उठवू लागला. माझ्या मते तो शेवट आधीच्याहून चांगला होता, आणि तो एका दुखऱ्या गुडघ्याने दिला. त्यानंतरच्या पावसाळ्यात, रोवणी नुकतीच आटोपली असताना, काकाजी गेले. माणसे भर पावसात, चिखल तुडवत, चारही जिल्ह्यांतून आली होती. ज्या गावांत त्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखादेच नाटक केले होते तिथलेही लोक होते.

तुम्ही विचारले आहे, की त्यांच्याकडून नेमके काय घ्यावे. त्यांची चालण्याची लकब, ते पुटपुटणे, अंगठा आणि तर्जनी जुळवण्याची ती खूण, यांची नक्कल आज दोन-चार जण करतात. ती तुम्ही करू नका, कारण ती त्यांच्या गुडघ्यांतून, त्यांच्या कानातून आणि त्यांच्या गावातून आलेली होती. त्याऐवजी त्यांची वही पाहा. आपण भूमिकेची नक्कल, म्हणजे संहितेतून हाताने लिहिलेली प्रत, उतरवून घेतो तेव्हा स्वतःची वाक्ये पूर्ण लिहितो आणि समोरच्याचे शेवटचे दोन शब्द तेवढे लिहितो, म्हणजे आपली पाळी कधी हे कळावे. काकाजींच्या वहीत उलट आहे. समोरच्या पात्राची वाक्ये पूर्ण, शाईने, सुबक अक्षरात. स्वतःच्या वाक्यांचे पहिले दोन शब्द, पेन्सिलीने. समासात काही खुणा आहेत : कुठे "हात थांबे", कुठे "पानी", कुठे "तिला वेळ दे". यंदाच्या तुमच्या भूमिकेची नक्कल एकदा तशी उतरवून पाहा. प्रॉम्प्टरवर जास्त भार पडेल अशी भीती वाटेल, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. समोरच्याचे वाक्य ज्याला पूर्ण ठाऊक आहे, त्याला स्वतःचे वाक्य सहसा आपसूक सापडते, हे मी विंगेत बसून पाहिलेले आहे.

त्या वह्या त्यांच्या धाकट्या मुलाने जपून ठेवल्या आहेत आणि कलावंतांना दाखवायला त्याची हरकत नाही. पुंजण्याचे नाटक यंदाही बुकिंगला आहे, बापाचे काम त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक नट करतो, आणि दसऱ्यानंतर वडशात त्याची तालीम ठेवली आहे. तुम्ही त्या तालमीला या आणि माझ्याजवळ, प्रॉम्प्टरच्या जागी बसा. मुलाचे भाषण सुरू झाले की मुलाकडे न पाहता बापाच्या हातांकडे पाहा, म्हणजे मोबाइलवर तुम्हाला जे दिसले नाही ते दिसेल.